पोटभाडेकरू

१९९० ते २०१० या काळात संगणकावर जुळवलेली कितीतरी मराठी पुस्तकं आज कुलपात पडून आहेत. कुलूप घालणाऱ्यांच्या मनात काही पाप नव्हतं. त्या वेळच्या संगणकाला मराठी येत नव्हतं, इंग्रजी येत होतं. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्या हुशार मंडळींनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. संगणकाची मनापासून समजूत असायची की आपण डॉलर छापतोय. कागदावर उमटायचा 'ख'. शिवाय ही बसवाबसव ज्याने त्याने आपल्या मर्जीने केली. एकाचा 'ख' डॉलरवर, तर दुसऱ्याचा टक्क्याच्या चिन्हावर. बरेचसे फॉन्ट पुण्यात बनत असल्यामुळे एकमेकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे आज तसली फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की पानभर पौंड, येन, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेले युरोपीय स्वर दिसतात. ती कौटुंबिक कादंबरी असते.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण ज्या पेजमेकरवर महाराष्ट्रातल्या पेठापेठांतून पानं लागत होती, त्या पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलं नाही. १९८५ साली आल्डस नावाच्या कंपनीने तो आणला. कंपनीला नाव दिलं होतं व्हेनिसच्या एका जुन्या मुद्रकाचं, म्हणजे सुरुवात घरंदाज होती. १९९४ मध्ये आल्डस अडोबीकडे गेली, २००१ मध्ये पेजमेकरची ७.० ही आवृत्ती निघाली आणि तिथे त्याची वाढ थांबली. त्याच वर्षी विंडोज एक्सपी आलं. नारायण पेठेत, माझ्या काकांच्या दुकानात, या दोघांचं जे जमलं ते कायमचं. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, ती बातमी काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. मग वर्तमानपत्राची चौघडी घालून ते प्रिंटरखाली, लंगड्या पायाला, टेकू म्हणून सारलं.

काका खिळ्यांच्या छापखान्यात वाढलेले. ट्रेडल मशीन चाळीस वर्षं चालतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे संगणक चार-पाच वर्षांनी बदलतात ही त्यांच्या मते विक्रेत्यांनी उठवलेली आवई होती. त्यांचं यंत्रही त्यांच्याच बाजूने साक्ष देत चालत राहिलं. दोनशे छप्पन एमबी रॅम, चाळीस जीबीची डिस्क, आणि मागे खोचलेलं फॉन्टच्या पॅकेजचं 'लॉक'. लॉक म्हणजे अंगठ्याएवढं काळं बोंडुक. ते खोचल्याशिवाय एक मराठी अक्षर उमटायचं नाही. दिवसभराचं काम झालं की काका ते काढून जानव्याच्या किल्लीला अडकवायचे.

एका गणेशोत्सवात, बाहेर ढोलपथकाचा सराव चालू असताना, ते यंत्र आवाज न करता गेलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. तपकीर गल्लीत मी तसाच बोर्ड शोधत फिरले. एका दुकानदाराने आमचा जुना बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, आतल्या खोलीत नेऊन वडिलांना दाखवला, आणि दोघंही जरा भावूक होऊन बाहेर आले. बोर्ड नव्हता.

"काका," मी म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपमध्ये ठेवता येईल."

"फायली म्हणतेस?"

"नाही. अख्खा कॉम्प्युटर. एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं."

"आणि मग लॅपटॉप कुठे ठेवायचा?"

"लॅपटॉप लॅपटॉपच राहील. त्यावर विंडोज ११ चालू असेल आणि त्याच्या पोटात एक्सपी."

काकांनी लॅपटॉपची जाडी डोळ्यांनी मोजली. "दोघांचं पटेल?"

"पटायचा प्रश्नच नाही. आपल्या बाहेर कोणी आहे हेच आतल्याला कळत नाही."

"म्हणजे आपल्या दुकानासारखं," आतून काकू म्हणाल्या. "यांनाही वरच्या मजल्यावर मालक राहतो हे कुठे कळतं?"

काकूंनी तो विषय एका वाक्यात संपवला होता. काकांचं दुकान एका वाड्यात, पागडीचं. भाडं महिना एकोणीस रुपये, पावती काकांच्या वडिलांच्या नावाने. वाडा आपलाच आहे अशा थाटात काका तिथे वावरतात. नळ गळला की मालकाला हाक मारतात, कौल सरकलं की मालकाला हाक मारतात, आणि मालक समोर आला की 'कोण आपण?' अशा नजरेने बघतात. एका संगणकात दुसरा ठेवणारं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर बनवणारे आतल्या सिस्टिमला पाहुणा म्हणतात. ते जर्मनीतले. पागडी त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

व्यवस्था अशी असते. लॅपटॉप आपल्या रॅममधली एखादी खोली, डिस्कवरचा एक कोपरा आणि प्रोसेसरचा थोडा वेळ आतल्याला काढून देतो. आतला समजतो की एवढाच वाडा आहे आणि तो सगळा आपला आहे. तो हुकूम सोडतो: डिस्क फिरव, पडदा रंगव. यांतला जो हुकूम थेट यंत्राला हात घालणारा असेल, तो दारातच अडवला जातो. लॅपटॉप परस्पर काहीतरी जुळवतो आणि आत निरोप देतो, 'झालं हो.' जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली अशा व्यवस्थेच्या तीन अटी नेमक्या लिहून काढल्या. आतल्याला स्वतंत्र यंत्रावर असल्यासारखंच वाटलं पाहिजे; काम फार मंदावता कामा नये; आणि किल्ल्या सगळ्या मालकाकडेच राहिल्या पाहिजेत. आमच्या पेठेतल्या भाडेकरूंनी हा निबंध वाचला असता तर तिसऱ्या अटीवर मोर्चा निघाला असता.

आता गंमत अशी की आपण घरोघरी वापरतो त्या घराण्याचा प्रोसेसर या अटींत बसतच नव्हता. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा होत्या की त्या अडवायला हव्यात, पण अडवता येत नाहीत. त्यांतली एखादी तर अशी की अधिकार नसलेल्याने दिली तर प्रोसेसर ती पाळतही नाही आणि 'पाळली नाही' असंही सांगत नाही. निमूट पुढे जातो. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण संगणकशास्त्रज्ञ हवालदिल झाले. मग १९९८ मध्ये डायान ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम या नवराबायकोने सहकाऱ्यांबरोबर व्हीएमवेअर कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. आतल्याच्या तोंडून या अवघड आज्ञा बाहेर पडण्याआधीच त्यांच्या जागी निरुपद्रवी आज्ञा बसवायच्या, ही त्यांची युक्ती. बोलणाऱ्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात बदलायचं, तेही त्याला न कळता. हे काम एका जोडप्याला सुचावं, यावर काकूंनी काही बोलायचं टाळलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय करून दिली. ती सोय बऱ्याच यंत्रांत बायॉसच्या आडवळणाच्या पानावर बंद करून ठेवलेली असते. चालू करा असं कुठेही लिहिलेलं नसतं. जो विचारत येईल त्यालाच मिळते. पुण्यातली काही जुनी दुकानं याच तत्त्वावर चालतात.

कल्पना मात्र याहून कितीतरी जुनी. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आयबीएमच्या एका केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० नावाची प्रणाली तयार झाली. तेव्हा संगणक खोलीभर मोठे आणि किमतीने डोळे फिरवणारे. प्रत्येकाला एकेक देणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येकाला एकेक असल्याचा भास द्यायचं ठरलं. भास अगदी पूर्ण. त्या काळी भोकं पाडलेली कार्डं संगणकाला भरवत. तेव्हा प्रत्येक भासमान संगणकाला भासमान कार्ड-वाचक आणि भासमान कार्ड-पंचही दिला. एकाने आपल्या पंचवर कार्डं पाडायची, ती दुसऱ्याच्या वाचकात जायची, आणि या सगळ्यात कागद कुठेच नाही. आयबीएमच्या त्या वंशातल्या झेड-व्हीएम या आजच्या प्रणालीतही तो रीडर आणि तो पंच आहेत. खरी कार्डं संग्रहालयात गेली. खोट्या कार्डांचं यंत्र नोकरीवर आहे.

हे वाचलं तेव्हा हसले, आणि मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीसाठी जागा तयार करायला बसले. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. आतल्याला आहे. मागितला असता तर फ्लॉपी ड्राइव्हही मिळाला असता. माझा लॅपटॉप गेल्या वर्षीचा, पण मदरबोर्डावरची चिपची जोडी विचारली की तो आत सांगतो, 'पीआयआयएक्स-३', म्हणजे इंटेलची १९९६ सालची. लॅपटॉपला वायरची नेटवर्क जोडणीच नाही, पण आत एएमडीचं एक जुनं कार्ड असल्याची थाप ठोकलेली असते, कारण एक्सपी त्या कार्डाला ओळखतं. नवं काही दाखवलं तर ते बावचळतं. इतकी ताकद अंगात असलेलं यंत्र आपली सगळी हुशारी कशासाठी खर्च करतं, तर आपण हुशार नाही हे पटवून देण्यासाठी. एकाच बाबतीत लपवाछपवी नाही. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी क्लिक करून पाहिलं तर प्रोसेसरचं नाव खरं दिसतं. एक्सपी जन्मलं तेव्हा त्या प्रोसेसरचा आजोबाही बाजारात आला नव्हता. एक्सपी ते नाव छापतं आणि एका शब्दाने विचारत नाही.

"समजूतदार आहे," काका म्हणाले.

सामान हलवण्याचं काम मात्र खऱ्या घरबदलाइतकंच निघालं. जुनी डिस्क बाहेर काढून केबलने लॅपटॉपला जोडली आणि तिची बाइट न् बाइट एका फाइलमध्ये उतरवून घेतली. शेवटी ते सगळं दुकान, म्हणजे पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिकांचे नमुने, 'येथे कचरा टाकू नये' या पाटीच्या अकरा आवृत्त्या, असं सगळं मिळून एकच फाइल झाली. पेनड्राइव्हवर मावेल एवढी.

"एवढं सगळं यात?" काकांनी पेनड्राइव्ह तळहातावर घेऊन विचारलं. "मग मी एकोणीस रुपये कशाचे भरतोय?"

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा विंडोजची पट्टी थोडी सरकली आणि निळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांत ०x००००००७बी. एक्सपी जिथे झोपलं होतं तिथलं डिस्क-कंट्रोलर वेगळं आणि जाग आली तिथलं वेगळं, त्यामुळे ज्या डिस्कवर ते स्वतः होतं तीच त्याला सापडेना. मी घाईने पडदा झाकायला गेले, तर काका खुर्चीत पुढे सरकले होते. चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद.

"हा आपलाच!" ते म्हणाले.

कंट्रोलरचा प्रकार बदलला, एक्सपीला त्याची ओळख करून दिली, आणि तो प्रसिद्ध सुरुवातीचा आवाज दुकानात घुमला. मागून हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. हा फोटो चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढला. काका गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना ती जागा पिरंगुटच्या पुढे असल्याचं सांगत आलेत, आणि दोन गिऱ्हाइकं पावसाळ्यात तिथे जाऊनही आली आहेत.

मग भाडेकरू आणि नवा मालक यांच्यातले खटके. माउसचा बाण एक्सपीच्या खिडकीत गेला की तिथेच अडकायचा. त्याला बाहेर काढायला उजवीकडची कंट्रोल कळ दाबावी लागायची. ती कळ काकांनी आयुष्यात कधी वापरली नव्हती. त्यांच्या जुन्या कीबोर्डावर ती तुटलेलीच होती. आतल्याला मालकाच्या भानगडी समजाव्यात म्हणून एक जोड-सॉफ्टवेअर असतं, ते टाकल्यावर बाण मोकळा फिरू लागला. पण कंट्रोल-आल्ट-डिलीट या तीन कळा अजूनही मालकच झेलतो. काका एक्सपीवर रागावून त्या दाबतात आणि निमूट उठून उभं राहतं विंडोज ११.

लॉकचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. ते यूएसबीचं आहे म्हणून निभावलं. समांतर पोर्टाचं असतं तर हा लेख इथेच संपला असता. मेनूत जाऊन त्याच्या नावावर खूण केली की ते लॅपटॉपच्या हातातून सुटतं आणि एक्सपीच्या हातात जातं. एका वेळी एकालाच. काकांना हे फार पटलं. लॉक आत गेलं की लॅपटॉपला ते दिसतसुद्धा नाही याची त्यांनी स्वतः खात्री करून घेतली, आणि मगच पेजमेकर उघडला.

इंटरनेट मी आत दिलेलं नाही. २०१४ नंतर ज्याच्या भोकांची डागडुजी बंद झाली, त्याला रस्त्यावर सोडणं बरं नव्हे. एक्सपी मात्र कोपऱ्यातून पिवळा फुगा काढून बजावत असतं की तुमचा संगणक धोक्यात असू शकतो. बाहेरच्या जगाची वार्ता नसलेल्या जीवाने ही काळजी करावी, याचं मला कौतुक वाटतं. काका फुग्याच्या फुलीवर टिचकी मारतात आणि म्हणतात, "हो रे बाबा."

व्हर्च्युअलबॉक्सबद्दल मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे कासव. विंडोज ११ च्या आत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा असाच एक थर असतो. तो चालू असला की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यावर बसून काम करावं लागतं आणि वेग कमी होतो. तेव्हा खिडकीच्या तळच्या पट्टीत एक छोटं हिरवं कासव दिसू लागतं. 'आम्ही सध्या मंद आहोत' हे इतक्या निर्मळपणे सांगणारं दुसरं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही. कासव घालवायचा उपाय मी काकांना सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला. "राहू दे. गाभाऱ्यासमोर कासव असतंच."

दसऱ्याला खरी पंचाईत झाली. दरवर्षी काका यंत्राला हळदकुंकू वाहायचे, मॉनिटरला झेंडूची माळ घालायचे, वर आपट्याचं पान ठेवायचे. आता ज्याची पूजा करायची ते कुठे आहे? लॅपटॉपची करावी, तर तो माझा. विंडोज ११ ची करण्याइतका परिचय नव्हता. बराच वेळ विचार करून काकांनी झेंडूच्या माळेचा मोबाइलवर फोटो काढला आणि माझ्याकडून तो एक्सपीच्या भिंतीवर लावून घेतला. पिरंगुटची टेकडी एक दिवस झाकली गेली. हळदकुंकू लॉकला वाहिलं.

नवं काही शिकणार नाही, हे काकांचं धोरण. त्या धोरणाला एकाच ठिकाणी तडा गेला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घेता येतो. त्या क्षणी आतला संगणक जसा असेल तसा जपून ठेवायचा, आणि वाटेल तेव्हा त्या क्षणाला परत जायचं. मधे जे झालं ते झालंच नाही. मी हे सांगितलं होतं ते पेजमेकर बिघडलाच तर असावं म्हणून. काकांनी त्यातून फ्रीसेल काढला. त्या पत्त्यांच्या खेळात जिंकणं-हरणं टक्क्यांत नोंदवलं जातं, आणि डाव अर्धवट सोडला तरी हारच लागते. आता काका डाव मांडला की उजवी कंट्रोल आणि टी दाबून स्नॅपशॉट घेतात. अंगावर आलं की मागे जातात. दुरुस्त केलेली पानं आधीच सामायिक फोल्डरमध्ये लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवलेली असतात, त्यामुळे काळ उलटा फिरला तरी त्यांना धक्का लागत नाही; फक्त पराभव पुसला जातो. काकांचा यशाचा दर सध्या शंभर टक्के आहे. ११९८२ क्रमांकाचा डाव सुटत नाही हे जगभर मान्य आहे. काकांना नाही. तो ते संध्याकाळी घेऊन बसतात, आणि काकूंनी चहा आणला की कपबशीला हात लावण्याआधी स्नॅपशॉट घेतात.

हा खटाटोप कशाला, सगळं एकदाच युनिकोडमध्ये बदलून टाक की, असं मला माझ्या वयाचे लोक सुचवतात. बदलणारी सॉफ्टवेअर आहेत, मी वापरतेही. पण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, आणि युनिकोडला ती नंतर हवी. रफार नेमका उलट. 'सूर्य' या शब्दात तो जुन्या फॉन्टात 'य'च्या मागून येतो, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी 'र' होऊन उभा राहायला हवा. एकाच अक्षरावर दोन्ही आले की सॉफ्टवेअर कोणाला तरी भलत्याच घरी सोडून येतं. पुस्तकाला बारा फर्मे असतील तर बारा फर्म्यांची प्रुफं पहिल्यापासून वाचायची. ज्या लेखकाने प्रुफं वाचली होती तो नाही, ज्या मुद्रितशोधकाशी त्याचं भांडण झालं होतं तोही नाही. आणि एक्सपीत मात्र तीच फाइल उघडते, तीच पानं, तेच भांडून ठरवलेले ऱ्हस्वदीर्घ, पान सत्तेचाळीसच्या तळाशी काकांनी एक ओळ मावावी म्हणून अक्षरं किंचित दाबलेली. ते सगळं जिवंत ठेवायला एका नव्या लॅपटॉपने दिवसाचे चार तास जुनं असल्याचं सोंग घ्यायचं, हा व्यवहार मला स्वस्त वाटतो. लॅपटॉपला विचारलेलं नाही.

व्हर्च्युअलबॉक्सचेही मालक या काळात बदलत गेले. जर्मनीतल्या इनोटेकने ते २००७ मध्ये मोफत खुलं केलं. २००८ मध्ये इनोटेक सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. आतल्या संगणकाला 'तुझा निर्माता कोण?' असं विचारलं तर तो आजही सांगतो, 'इनोटेक जीएमबीएच'. वाडा दोनदा विकला गेला, फाटकावरची पाटी पहिल्या मालकाची. काकांना हे दाखवल्यावर त्यांनी आपली भाडेपावती काढून शेजारी धरली. त्यावरचा मालक १९८४ साली वारला.

परवा एका दिवंगत कादंबरीकारांचे चिरंजीव आले. हातात पेढ्यांचा पुडा. वडिलांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची होती. पहिली २००३ साली काकांनीच जुळवलेली. फाइल आहे ना, उघडेल ना, या काळजीने ते बसायलाही तयार नव्हते. काकांनी लॉक खोचलं, कासवाला सावकाश येऊ दिलं, पेजमेकर उघडला. पहिलं पान पडद्यावर आलं. अर्पणपत्रिका आईला होती. चिरंजीवांनी रुमाल काढला.

"एक मिनिट हं," काका म्हणाले आणि त्यांनी स्टार्टमधून एक काळी खिडकी उघडली.

ही खिडकी मी त्यांच्या जुन्या यंत्रावर कधी पाहिली नव्हती. काळ्यावर पांढरी अक्षरं, वर रेघांची चौकट, माउसला प्रवेश नाही. डॉसच्या जमान्यातला हिशेबाचा प्रोग्राम. माझ्या चौसष्ट बिटी लॅपटॉपने असला सोळा बिटी प्रोग्राम दारातूनच परत पाठवला असता. पण एक्सपीच्या बत्तीस बिटी आवृत्तीत एनटीव्हीडीएम नावाची एक सोय असते. एक्सपी त्या प्रोग्रामसाठी एक खोटा जुना पीसी उभा करतं आणि त्याला त्यात बसवतं. प्रोसेसरमध्ये त्यासाठीची व्यवस्था तर १९८५ च्या ८०३८६ पासून होती. म्हणजे एका संगणकात दुसरा बसवण्याचं जे तंत्र मी इतके दिवस काकांना हातवारे करून समजावत होते, ते त्यांच्या दुकानात पहिल्यापासून रोज वापरात होतं. माझ्या लॅपटॉपच्या भाडेकरूने आपल्या खोलीत एक पोटभाडेकरू ठेवला होता, आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि पोटभाडेकरूचं कोणी सांगतं का?" काका खालच्या बाणाची कळ दाबत होते. नावं वर सरकत होती. एका नावावर ती थांबली. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"बारा फर्मे. एकशे ब्याण्णव पानांचं ट्रेसिंग, सहा रुपये पान. बाकी अकराशे बावन्न."

चिरंजीवांचा रुमाल अर्ध्या वाटेत थांबला. "पण बाबांनी तर तेव्हाच…"

"बाबांबद्दल आमची काही तक्रार नाही," काका पेढ्याचा पुडा सोडत म्हणाले. "पावती दोन्ही आवृत्त्यांची एकदम करू, की वेगवेगळी?"